पाहुणा उजेड

छायाचित्राच्या इतिहासात माणूसच बहुतेक काळ उजेडाकडे जात आला आहे. उजेड माणसाकडे जाऊ लागला, त्याला अजून फार दिवस लोटलेले नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत फोटो काढवून घेणे हा एक लहानसा संस्कारच असे. मुहूर्त पाहावा तसा दिवस ठरे. ट्रंकेच्या तळातला कोट, जरीकाठी उपरणे, नथ आणि ठेवणीतले लुगडे बाहेर निघे. आणि सारे कुटुंब टांग्यात, इकडच्या भाषेत जटक्यात, बसून स्टुडिओची वाट धरी. जुन्या स्टुडिओच्या छपराला उत्तरेच्या अंगाने काचा बसवलेल्या असत, कारण त्या बाजूने ऊन आत शिरत नाही, नुसता शांत उजेड येतो. मागे रंगवलेला पडदा असे. त्या पडद्यावरचे सरोवर आणि संगमरवरी जिना त्या कुटुंबातील कोणी जन्मात पाहिलेला नसे. पण फोटोत मात्र त्या जिन्याशी त्यांची जन्माची सोयरीक जुळून जाई. आमच्या बंगळुरात १९१० साली सुरू झालेल्या जी. के. व्हेलसारख्या स्टुडिओने किती घराण्यांची तोंडे अशी जपून ठेवली असतील याची मोजदाद करणे कठीण आहे.

त्या जुन्या फोटोंकडे मी पुष्कळ वेळ पाहत बसतो. त्यांत कोण आहे यापेक्षा कोण नाही, हा विचार हल्ली अधिक मनात येतो. जो चालू शकत नव्हता तो नाही. जिला घराबाहेर पडण्याची मुभा नव्हती ती विधवा आत्या नाही. ज्याला दुकान सोडून निघता येत नव्हते तो धाकटा काका नाही. फोटोच्या दिवशी सगळ्यांचे जेवण करून ठेवण्यासाठी जी मागे राहिली ती तर नाहीच. उजेड एका जागी खिळलेला होता, आणि तेथवर जो पोहोचला त्याचेच रूप पुढच्या पिढीला मिळाले.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी एक बॅटरीवर चालणारा फ्लॅश घेतला. फोटोच्या दुकानातले लोक त्याला ‘आउटडोअर फ्लॅश’ म्हणतात. पण मी तो बहुधा घरांच्या आतच वापरतो. स्टुडिओत भिंतीच्या वायरीला बांधलेला जो मोठा दिवा असतो तोच हा. फक्त भिंतीशी असलेले त्याचे नाते सुटले आहे. आकार एखाद्या मध्यम बरणीएवढा, वजन तीनएक किलो. एका टोकाला काचेची वळवलेली नळी, दुसऱ्या बाजूला बॅटरी. बरोबर एक तिपाई स्टँड, एक पांढरी छत्री आणि कॅमेऱ्यावर बसवायचा लहानसा ट्रिगर. एवढे सामान खांद्यावर टाकले की स्टुडिओ चालू लागला. छत्री पाहून मुले हमखास हसतात. घरात पाऊस पडणार आहे का, असे एका मुलीने मला कन्नडात विचारले होते.

त्या बरणीच्या पोटात काय चालते, हे मी मुलांना मोठ्या आवडीने सांगतो. बॅटरी आपली वीज हळूहळू कपॅसिटर नावाच्या एका कोठारात भरते. त्या वेळी कधीकधी एक बारीकशी शीळ ऐकू येते. कोठार भरले की यंत्र ‘टुक्’ असा आवाज करते. मग कॅमेऱ्याचे बटन दाबताच नळीतल्या झेनॉन वायूला हजारो व्होल्टांचा एक चिमटा बसतो, त्यातून विजेला वाट मिळते आणि सारे कोठार एका निमिषात रिते होते. माझ्या दिव्याची पूर्ण शक्ती सहाशे ज्यूल आहे. घरातला साठ वॉटचा जुना दिवा दहा सेकंदांत जेवढी ऊर्जा घेतो तेवढीच ही. पण ती सगळी सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात खर्च होते, म्हणून तेवढ्या क्षणापुरता माझा दिवा तसल्या पाच हजार दिव्यांच्या बरोबरीचा होतो. आणि हे सारे एका बॅटरीवर चारपाचशे वेळा करता येते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या शिल्पकारांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी असले काम बाहेर करायचे म्हणजे शिशाच्या जड बॅटऱ्या वाहून न्याव्या लागत, आणि त्या वाहायला दुसरा माणूस लागे. आता एकटा म्हातारा माणूसही उजेड घेऊन जिना चढू शकतो.

हे बंगळुरात घडावे यात मला एक निराळीच गंमत वाटते. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज १९०२ साली प्रथम ९२ मैलांवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, आणि १९०५च्या ऑगस्टमध्ये या शहराच्या बाजारपेठेत विजेचे दिवे लागले. रस्त्यावर विजेचे दिवे लावणारे आशियातील पहिले शहर म्हणून बंगळूरकर अजून छाती फुगवून सांगतात. कावेरीचे पाणी कोसळते कोठे आणि दिवा लागतो कोठे, याचे त्या काळच्या लोकांना किती अप्रूप वाटले असेल! पण तो उजेड तारेने बांधलेला होता. तार जेथे गेली तेथे तो गेला. हमरस्त्यावर आधी, गल्लीत नंतर, आणि गल्लीतल्या मागच्या खोलीत फारच उशिरा.

मी ज्या घरांत जातो ती बहुधा अशा मागच्या खोल्यांची घरे आहेत. केम्पेगौडाने वसवलेल्या जुन्या पेटेत, म्हणजे चिकपेट, बळेपेट, नगरतपेट, कब्बनपेट या भागांत, अजून काही जुनी घरे तग धरून आहेत. तोंड अरुंद, पोट लांबच लांब. पुढे दुकान, मागे घर, मध्ये छपरातून खाली येणारा उजेडाचा एक तुकडा. या वस्तीत मराठीही फार जुनी आहे. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि १६८७पर्यंत ते भोसल्यांकडे राहिले. त्यांच्या आधीनंतर आणि पुढच्या शतकांतही लढवय्ये, कारकून, शिंपी, रंगारी असे नाना तऱ्हेचे लोक येत राहिले. भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी समाजांतील कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते. ती पुण्याची मराठी नव्हे. तिच्यात कन्नडाची वळणे आहेत, आपण विसरलेले काही शब्द आहेत, आणि ती लिहायची वेळ आली की पुष्कळ जण कन्नड लिपीतच लिहितात. अशा घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांचे फोटो त्यांच्याच घरात, त्यांच्याच जागी काढावेत, एवढाच माझा उद्योग आहे. त्याला कोणी छंद म्हणतात, कोणी रिकामपणा. मी दोन्ही नावे मान्य करतो.

या कामात मला एक गोष्ट लवकरच उमगली. उजेड बरोबर आणणाऱ्याच्या हाती एक सत्ता येते, आणि ती वाटते त्यापेक्षा मोठी असते. उजेडाचा एक साधा नियम आहे: अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. म्हणून दिवा माणसाच्या अगदी जवळ आणला, तर चेहरा उजळतो आणि चार हातांवरची भिंत काळोखात बुडते. पोपडे आलेला चुना, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातली गॅसची टाकी, सारे नाहीसे होते. दिवा दूर नेऊन छतावर फिरवला, तर चेहऱ्याबरोबर भिंतही बोलू लागते. शटरची गती वाढवून सेकंदाच्या दोनशेव्या भागावर ठेवली, तर घरातला स्वतःचा मंद उजेड फोटोत उमटतच नाही. ती पंधराव्या भागापर्यंत खाली आणली, तर देवघरातली समई, दारातून आलेली सकाळ, ट्यूबलाइटची निळसर छटा असे सारे माझ्या उजेडाच्या शेजारी येऊन बसते. माझ्या दिव्याला या गतीने काही फरक पडत नाही. त्याचे काम त्याआधीच संपलेले असते. म्हणजे हे घर दाखवायचे की झाकायचे, किती दाखवायचे आणि किती झाकायचे, हे एका बोटाच्या हालचालीवर येऊन ठेपते. जुन्या स्टुडिओत जे काम रंगवलेला पडदा करी, ते येथे अंतर आणि गती मिळून करतात. आणि पडदा निदान उघड उघड खोटा होता. माझा काळोख खऱ्यासारखा दिसतो.

पेटेतल्या एका शिंप्याच्या दुकानात मी एकदा दोन तास होतो. सत्तरी उलटलेला तो गृहस्थ पायाच्या मशिनवर काज करीत होता. काज म्हणजे बारीक काम, आणि त्याच्यापाशी उजेड म्हणून जो होता तो मशिनच्या डोक्यावर टांगलेल्या एका दिव्याचा. पन्नास वर्षे तो त्या एका दिव्याच्या वर्तुळात बसला होता. त्याचा चेहरा नेहमी खालून उजळलेला असे: पांढऱ्या कापडावर पडलेला उजेड उलटून हनुवटीवर, नाकाखाली आणि चष्म्याच्या काचांत येई. मी जर माझी छत्री उघडून त्याला चारी बाजूंनी न्हाऊ घातले असते, तर फोटो स्वच्छ आला असता. पण तो उजेड त्या माणसाने कधी पाहिलेलाच नव्हता. म्हणून दिव्याची शक्ती मी बत्तिसाव्या हिश्शावर आणली आणि तो मागच्या कापडाच्या थप्प्यांकडे वळवून दुकानाला फक्त कडा दिली. चेहरा त्याच्या दिव्याच्या हवाली केला. फोटो पाहून तो म्हणाला, “बरोबर आहे. मी असाच बसतो.” या वाक्याहून मोठी पावती मला अजून मिळालेली नाही.

फ्लॅशचा जन्म मात्र अशा सभ्यपणात झालेला नाही. १८८७ साली मीटे आणि गेडिके या दोन जर्मन गृहस्थांनी मॅग्नेशियमच्या पुडीत दुसरी रसायने मिसळून क्षणात भडकणारी पूड तयार केली. ती न्यूयॉर्कमधल्या जेकब रीस नावाच्या पत्रकाराच्या हाती पडली. रीस रात्रीच्या वेळी गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरे, पूड पेटवी आणि फोटो काढी. एका खोलीत दाटीवाटीने झोपलेली माणसे, डोळे दिपलेली, तोंडे वासलेली. या खटाटोपात घराला आग लागण्याचे प्रसंगही त्याच्यावर आले. १८९० साली त्याचे पुस्तक निघाले, शहराची झोप मोडली, आणि त्या वस्त्यांची सुधारणा करण्याच्या चळवळीला बळ आले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तरीही ते फोटो पाहताना मला त्या झोपलेल्या माणसांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांचे भले झाले असेल. पण त्यांना कोणी विचारले नव्हते. उजेड त्यांच्या घरी पोलिसासारखा आला.

पुढे पुडीची जागा १९३०च्या आसपास काचेच्या फ्लॅशबल्बने घेतली. एक बल्ब एकदाच उजळे आणि फेकून दिला जाई. त्याच सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूच्या नळीतून पुन्हापुन्हा चमकणारा विजेचा दिवा सिद्ध केला, आणि माझा फ्लॅश त्याच वंशातला आहे. धूर गेला, आग गेली, वजन गेले. विचारण्याची गरज मात्र गेली नाही. उलट उजेड नेणे जितके सोपे झाले तितकी ती वाढली, असे मी म्हणेन.

काही ठिकाणी मी हे यंत्र नेतच नाही. चैत्री पौर्णिमेच्या रात्री तिगळरपेटेतल्या धर्मरायस्वामींच्या देवळातून करग निघतो. स्त्रीवेष केलेला पुजारी मस्तकावर फुलांनी मढवलेला करग घेऊन बाहेर येतो, भोवती नंग्या तलवारींचे वीरकुमार असतात, आणि ती मिरवणूक मस्तानसाहेबांच्या दर्ग्यालाही भेट देऊन पुढे जाते. मोगऱ्याचा वास आणि माणसांचा महापूर. तेथे फ्लॅश मारला तर जवळची चार फुले चुन्यासारखी पांढरी होतात आणि मागचा महापूर नाहीसा होतो. म्हणजे जे पाहायला आलो तेच पुसले जाते. तसेच गवीपूरच्या गंगाधरेश्वराचे. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचा किरण नंदीच्या शिंगांमधून आत शिरतो आणि काही मिनिटे शिवलिंगावर पडतो. तो उजेड आपल्या पायांनी येतो, आणि माणसे त्याच्याकडे जातात. अशा जागी आपला उजेड पुढे करणे म्हणजे यजमान बोलत असताना पाहुण्याने त्याचे वाक्य पुरे करण्यासारखे आहे.

आता एका आजींविषयी सांगतो. वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांमुळे त्या आठ वर्षांत उंबऱ्याबाहेर पडलेल्या नव्हत्या. त्यांच्या मुलांनी मला बोलावले होते. कारण स्पष्ट शब्दांत कोणी सांगितले नाही, पण ते मला ठाऊक होते. आपल्याकडे पुष्कळ माणसांचा एकट्याचा पहिला मोठा फोटो त्यांच्या मरणानंतर होतो. घाईघाईने लग्नाच्या एखाद्या गटातून चेहरा कापून काढतात. खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात उरलेला असतो, तो पुसतात. नाहीतर आधारकार्डावरचा तो चकित चेहरा मोठा करतात आणि त्याला हार घालतात. हे आपल्या आईच्या बाबतीत होऊ नये, असे त्या मुलांना वाटत होते, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

आजींनाही ते ठाऊक होते. त्यांनीच विषय काढला. “अरे बाळ, भिंतीवरचा फोटो काढायला आलास ना? मग मी सांगते तिथं काढ.” दिवाणखान्यात नव्या सोफ्याशेजारी मुलांनी जागा करून ठेवली होती. आजींना स्वयंपाकघराच्या दाराशी, रगड्याजवळ बसायचे होते. रगडा आता कोणी वापरत नव्हते. मिक्सर येऊन युग झाले होते. पण लग्न होऊन आल्यापासून त्या त्या जागी बसत आल्या होत्या. भिंत धुराने काळवंडलेली होती. थोरला मुलगा कळवळून म्हणाला, “अगं आई, लोक काय म्हणतील? आम्ही तुला इथं बसवत होतो म्हणतील.” त्याचे दुःख खरे होते. आईच्या कष्टांची ती काळी भिंत त्याला चारचौघांत नको होती. आजींना मात्र ती भिंत हवी होती, कारण तिचा काळा रंग त्यांच्याच हातचा होता.

जुन्या काळी हा वाद उद्भवलाच नसता. रगडा काही स्टुडिओत नेता आला नसता. आता उजेड कोठेही जाऊ शकत होता, म्हणून प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी दोन्ही फोटो काढले. दिवाणखान्यात दिवा जवळ घेतला, मागचे सारे मऊ आणि अंधुक केले. चेहरा शांत, प्रसन्न, साधारण कोणाच्याही आजीसारखा आला. स्वयंपाकघराच्या दारात दिवा लांब, उंचावर नेला. भिंत तिच्या सर्व काळेपणासह आणि तेलकट चकाकीसह दिसू दिली. शटर मंद ठेवून मागच्या खिडकीतली सकाळ आत घेतली. आजींनी रगड्याच्या कडेवर हात ठेवला. तो हात तेथे ठेवायला त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. भेटायला गेलो तेव्हा भिंतीवर दिवाणखान्यातला फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. पण मुलांवर रागही आला नाही. भिंत त्यांची होती, आणि आईला कोणत्या रूपात रोज पाहणे आपल्याला सोसेल हे तेच ठरवणार. चहा घेऊन नात आली. व्हाइटफील्डला कोठल्याशा कंपनीत ती नोकरी करते आणि तेथेच मैत्रिणींबरोबर राहते. तिने हळूच सांगितले की रगड्याजवळचा फोटो तिने मागून घेतला आहे, आणि तो तिच्या खोलीत आहे. “आजी तिथं ओळखू येते,” ती म्हणाली.

या दोन फोटोंपैकी खरा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी उत्तर देणार नाही. दोन्हींत उजेड माझाच होता. पण एकात आजींना मी उजेडाकडे नेले होते आणि दुसऱ्यात उजेडाला त्यांच्याकडे नेले होते, एवढा फरक मला दिसतो. आणि या यंत्राचे तीन किलो वजन जिन्यावरून वर नेताना दम लागतो तेव्हा तो फरक उपयोगी पडतो. कारण पेटेतली ती घरे एकामागून एक पडत आहेत. त्यांच्या जागी काचेच्या दुकानांचे मजले चढत आहेत, आणि त्यांत राहणारी माणसे शहराच्या कडेला पांगत आहेत. मागच्या खोलीत बसून पन्नास वर्षे काढलेले माणूस त्याच खोलीत बसलेले पाहण्याची संधी आता थोड्याच दिवसांची आहे.

काम आटोपल्यावर मी सामान लगेच आवरीत नाही. फ्लॅश चमकून गेला की डोळ्यांपुढे एक हिरवट-जांभळा डाग तरळत राहतो आणि घर होते त्याहून अधिक काळोखे वाटू लागते. म्हाताऱ्या डोळ्यांना त्यातून सावरायला वेळ लागतो. अशा वेळी उठताना कोणी ठेच खाऊ नये म्हणून मी त्यांच्याजवळ बसून राहतो. काहीतरी बोलणे निघते. कोणी कॉफी आणते. हळूहळू दाराची चौकट दिसू लागते, मग पाटा, मग देवघरातली समई. घराचा आपला उजेड पुन्हा जागेवर आला, असे पाहिले म्हणजे मी छत्री मिटतो.